मायक्रोइन्व्हर्टर लावल्यावर अर्थिंग कुठे, किती आणि कसे करायचे

‘मायक्रोइन्व्हर्टरमध्ये डीसीची भानगडच नाही, त्यामुळे अर्थिंग एकच पुरे,’ असे सोलर विकणारे सर्रास सांगतात. यातले अर्धे खरे आहे. प्रत्येक पॅनेलखाली छोटा इन्व्हर्टर बसला की शेकडो व्होल्टची डीसी स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलची माळ, गच्चीवर उरत नाही. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत मीटरभर वायर आणि त्यात साधारण ४० ते ५० व्होल्ट डीसी, इतकेच राहते. पण त्या बदल्यात २३० व्होल्टचा एसी थेट पॅनेलखाली, लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या सांगाड्याला खेटून धावू लागतो. स्ट्रिंग इन्व्हर्टरच्या, म्हणजे सगळ्या पॅनेलना मिळून एकच इन्व्हर्टर असलेल्या घरात हा एसी बहुतेक वेळा जिन्याच्या कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतच असतो. म्हणजे मायक्रोइन्व्हर्टरमुळे अर्थिंगचे एक काम कमी होते आणि दुसरे जास्त गंभीर होते. कोणते कमी होते ते नीट न कळल्यामुळे भलतेच गाळले जाते.

ही माहिती घरगुती छपरावरच्या, ग्रिडला जोडलेल्या सिंगल फेज सिस्टिमसाठी आहे. उदाहरणासाठी ५४० वॉटची सहा पॅनेल आणि प्रत्येकाखाली ४८० व्हीएचा एक मायक्रोइन्व्हर्टर धरला आहे. प्रत्यक्ष जोडणी परवानाधारक वायरमननेच करावी. घरमालकाला काम तपासून घेता यावे आणि वायरमनला हाताशी आकडे असावेत, एवढ्यासाठी हे लिहिले आहे.

अर्थिंगची तीन वेगळी कामे

एकाच हिरव्या-पिवळ्या वायरकडून आपण तीन कामांची अपेक्षा ठेवतो.

पहिले काम म्हणजे उघड्या धातूला जमिनीशी जोडणे. पॅनेलची चौकट, रेल (पॅनेल ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या), पाय, इन्व्हर्टरची धातूची बॉडी, जंक्शन बॉक्स या कशातही सामान्यतः करंट नसतो, पण इन्सुलेशन फाटले की येऊ शकतो. हे काम मायक्रोइन्व्हर्टर असला तरी जसेच्या तसे करावे लागते.

दुसरे काम म्हणजे सर्किटचाच एखादा टोक जमिनीला बांधणे. एसीत हे न्यूट्रलचे काम, ते ट्रान्सफॉर्मरवर होते. डीसीत पूर्वी काही जुन्या इन्व्हर्टरना पॅनेलचा निगेटिव्ह अर्थ करावा लागे. आजच्या बहुतेक मायक्रोइन्व्हर्टरमध्ये आत उच्च वारंवारतेचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि डीसी बाजू ग्रिडपासून विलग, तरंगती असते. म्हणून पॅनेलचा प्लस किंवा मायनस कशालाही अर्थ करायचा नाही. डीसीसाठी वेगळा खड्डाही, म्हणजे जमिनीत रॉड पुरून केलेला अर्थही, लागत नाही. वाचते ते एवढेच काम.

तिसरे काम विजेचे, म्हणजे आभाळातल्या विजेचे. लाइटनिंग अरेस्टर (वीज झेलणारा खांब) आणि एसपीडी, म्हणजे सर्ज किंवा व्होल्टेजची अचानक उसळी जमिनीत वळवणारे उपकरण, यांना जमिनीत वाट लागते. मायक्रोइन्व्हर्टरमुळे डीसी एसपीडीची गरज उरत नाही, एसी एसपीडीची उरते.

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून इथे काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे सुरुवातीच्या पिढीच्या मायक्रोइन्व्हर्टरना सलग जाड तांब्याची अर्थ वायर जोडावी लागे, नंतरच्या पिढीत ती गरज गेली. शिवाय तिथले रेल आणि क्लॅम्प यूएल २७०३ या अमेरिकी मानकाखाली विद्युत जोडणीसाठीही तपासलेले असतात, म्हणून क्लॅम्प कसला की चौकट अर्थ झाली असे ते म्हणू शकतात. आपल्याकडे स्थानिक फॅब्रिकेटरने बनवलेल्या सांगाड्याला आणि साध्या क्लॅम्पला तशी तपासणी नसते. तोच शॉर्टकट इथे चालणार नाही.

खड्डा पाच ओहमचा आहे, मग धोका संपला का?

आपल्या बहुतेक घरांत महावितरणकडून फेज आणि न्यूट्रल येतात आणि अर्थ घराचा स्वतःचा असतो. याला टीटी पद्धत म्हणतात. समजा गच्चीवर एसी केबल रेलच्या धारेवर घासून फाटली आणि फेज सांगाड्याला लागला. तुमच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम आहे. फॉल्ट करंट फार तर २३० ÷ ५ = ४६ अँपिअर होईल. ट्रान्सफॉर्मरच्या अर्थचा रोध त्यात मिळवला तर अजून कमी. आता २० अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) झटक्यात पडायला त्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे १०० ते २०० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरवर तो फक्त तापून पडेल, त्याला मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो. तोवर ट्रान्सफॉर्मरचा अर्थ १ ओहम धरला तरी पॅनेलच्या चौकटीवर दूरच्या जमिनीच्या तुलनेत सुमारे १९० व्होल्ट उभे असतात, आणि गच्चीवर कोणीतरी ओल्या पायाने पॅनेल धुवत असते.

म्हणून या पद्धतीत जीव वाचवतो तो आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे थोडा जरी करंट गळला तरी लगेच पडणारा स्विच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर स्पर्शाचे व्होल्टेज ५० च्या खाली ठेवायला खड्डा १६६७ ओहमचा असला तरी हिशेबात बसतो. याचा अर्थ खड्डा कसाही चालेल असा मात्र नाही. सर्ज आणि विजेसाठी कमी रोध हवाच, आणि उन्हाळ्यात माती सुकली की रोध कित्येक पट वाढतो. सोलरच्या कामात ५ ओहमच्या आत हा आकडा सगळीकडे मागितला जातो, तो गाठावा. पण ‘खड्डा चांगला आहे, आरसीसीबी कशाला’ हे वाक्य ऐकले की काम थांबवावे.

साहित्य

सहा पॅनेलच्या उदाहरणासाठी साधारण असे लागते. गच्ची किती उंच आणि खड्डा किती लांब यावर मीटर बदलतील.

- ६ चौ. मिमी तांब्याची हिरवी-पिवळी वायर: पॅनेल आणि रेलसाठी १५ ते २० मीटर. यूव्ही-प्रतिरोधक नसेल तर पूर्ण पाइपातून न्यावी. साधी पीव्हीसी वायर उघड्या उन्हात काही वर्षांत तडकते.
- गच्चीपासून खाली उतरण्यासाठी तीच ६ चौ. मिमी वायर किंवा २५ × ३ मिमीची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी. पट्टीचे वजन मीटरला सुमारे ६०० ग्रॅम असते, खरेदी करताना वजनावरून जाडी पडताळा. बारीक पट्टी विकण्याची सवय बाजारात आहे.
- टिन केलेले तांब्याचे लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायचे, बोल्टसाठी भोक असलेले तुकडे), दर पॅनेलला एक आणि रेलसाठी चार-पाच. लगचे भोक बोल्टच्या मापाचेच असावे.
- स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट, दातेरी वॉशर आणि स्प्रिंग वॉशर. कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात ३०४ ऐवजी ३१६ ग्रेड घ्या.
- तांब्याची अर्थ बार, २५ × ६ मिमी, सहा-आठ भोकांची, आणि तपासणीसाठी उघडता येणारी लिंक.
- तांब्याचा मुलामा असलेले रॉड, ३ मीटर लांब, १७ मिमीच्या आसपास व्यासाचे, मुलामा २५० मायक्रॉन. किमान दोन. लाइटनिंग अरेस्टर असेल तर तिसरा.
- प्रत्येक रॉडसाठी बॅकफिल कंपाउंडची (रॉडभोवती भरायच्या मिश्रणाची) २५ किलोची एक पिशवी आणि झाकणाचा चेंबर.
- एसीडीबीमध्ये, म्हणजे एसी बाजूच्या वितरण डब्यात, २० अँपिअरचा दोन पोल एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा दोन पोल आरसीसीबी, आणि एसी एसपीडी.

एमसीबी २० चाच का? ४८० व्हीए भागिले २३० म्हणजे एका इन्व्हर्टरचे सुमारे २.१ अँपिअर, सहाचे १२.५. त्याच्या सव्वापट १५.६. सोळाचा एमसीबी मे महिन्यात बंद डब्यात तापून विनाकारण पडेल. वीसच्या वर मात्र जाऊ नका, कारण बहुतेक मायक्रोइन्व्हर्टरच्या ट्रंक केबलची (सगळे इन्व्हर्टर जिला जोडतात त्या मुख्य एसी केबलची) मर्यादा तेवढीच असते. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत पाहा.

पहिली पायरी: इन्व्हर्टर कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

बाजारात दोन प्रकार आहेत. एकाची बॉडी धातूची असते आणि ट्रंक केबलमध्ये फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन तारा असतात. दुसऱ्याची बॉडी दुहेरी इन्सुलेशनची, प्लॅस्टिकसारखी असते. लेबलवर एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह असते आणि केबलमध्ये दोनच तारा असतात.

तीन तारांच्या प्रकारात इन्व्हर्टरची बॉडी केबलमधूनच अर्थ होते. ती तिसरी तार जंक्शन बॉक्समध्ये अर्थ टर्मिनलला घट्ट बसली आहे ना, हे आधी पाहा. ‘फेज-न्यूट्रल जोडले, चालू झाले’ म्हणून तिसरी तार टेप लावून गुंडाळून ठेवलेली दिसते. सिस्टिम चालू होते खरी, पण बॉडीला अर्थ नसतो आणि सहाच्या सहा इन्व्हर्टरच्या फिल्टरची बारीक गळती सांगाड्यावर जमा होते. हात लावला की मुंग्या येतात.

दोन तारांच्या प्रकारात इन्व्हर्टरला स्वतःला अर्थ लागत नाही. इथेच गैरसमज होतो. इन्व्हर्टरला लागत नाही म्हणजे त्याच्यावरच्या पॅनेलच्या चौकटीलाही लागत नाही असे धरले जाते. चौकट अॅल्युमिनियमची आहे, तिच्या खालून एसी केबल जाते, ती चौकट अर्थ व्हायलाच हवी. केबलमध्ये अर्थ तार नसल्यामुळे या प्रकारात वेगळी वायर ओढण्याशिवाय दुसरी वाट नाही.

पहिल्या प्रकारातही ट्रंक केबलमधल्या अर्थवर सांगाड्याचा भरवसा टाकू नका. इन्व्हर्टर बदलायला काढला की ती साखळी तुटते.

दुसरी पायरी: चौकटी आणि रेल

पॅनेलच्या चौकटीवर अॅनोडायझिंगचा थर असतो, आणि तो वीजरोधक असतो. चौकट रेलवर ठेवून क्लॅम्प घट्ट आवळला तरी दोन्हींत विद्युत संपर्क होईलच असे नाही. मल्टिमीटर चौकटीच्या पृष्ठभागावर टेकवून पाहा, बऱ्याचदा काहीच दाखवत नाही.

प्रत्येक चौकटीवर अर्थच्या चिन्हाचे एक छोटे भोक असते. तेच वापरा. नवे भोक पाडले तर पॅनेलची वॉरंटी जाऊ शकते. भोकाच्या मापाचा स्टेनलेस बोल्ट घ्या. क्रम असा: बोल्टचे डोके, दातेरी वॉशर, चौकट, पलीकडून पुन्हा दातेरी वॉशर, मग लग, साधा वॉशर, स्प्रिंग वॉशर आणि नट. दातेरी वॉशरचे दात अॅनोडायझिंग फोडून आतल्या धातूपर्यंत जातात. तो नसेल तर बाकी सगळे शोभेचे. तांबे थेट अॅल्युमिनियमला किंवा जीआयला लागू देऊ नका. खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंच्या सांध्यात गंज चढतो आणि दोन पावसाळ्यांत जोड बाहेरून शाबूत, आतून उघडा होतो. म्हणून लग टिन केलेला हवा.

पर्याय म्हणून चौकट आणि रेल यांच्यामध्ये बसणारी स्टेनलेसची दातेरी क्लिप मिळते. ती चांगली चालते, पण एकदाच. पॅनेल काढून पुन्हा बसवले तर जुनी क्लिप टाकून नवी घ्यायची, कारण दात दबलेले असतात.

वायर कशी फिरवायची यात खरी मेख आहे. एका पॅनेलच्या लगमधून निघून दुसऱ्याच्या लगमध्ये, तिथून तिसऱ्याच्या, अशी माळ ओवली तर मधले एक पॅनेल काढताच पुढची सगळी पॅनेल अर्थविना होतात. त्याऐवजी एक सलग वायर ओळीभर न्या आणि जिथे पॅनेल आहे तिथे तिची फक्त साल सोलून, न कापता, सी आकाराच्या क्रिम्प कनेक्टरने छोटी शाखा काढा. मग कोणतेही पॅनेल काढले तरी बाकीची साखळी अखंड राहते.

रेल दोन तुकड्यांची असेल तर मधल्या जोडपट्टीवर विश्वास ठेवू नका. दोन्ही तुकड्यांना तांब्याची वेणी किंवा वायरचा तुकडा लावून पूल करा. जीआय सांगाड्यात वेल्डिंग केले असेल तर त्या जागी कोल्ड गॅल्व्हनाइझिंगचा हात मारा. पत्र्याच्या छपरावर सिस्टिम असेल तर पत्राही त्याच अर्थला बांधा. मंगलोरी कौलांवर फक्त रेल आणि हुक पुरेत.

तिसरी पायरी: गच्चीवरून खाली

अर्थ वायर आणि एसी केबल शेजारी शेजारी, एकाच मार्गाने उतरवा. पुष्कळ घरांत एसी केबल समोरून मीटरकडे आणि अर्थ पट्टी मागच्या भिंतीवरून खड्ड्याकडे जाते, कारण बाग मागे असते. दोघींच्या मधे घरभर मोठा वेढा तयार होतो. जवळपास वीज पडली की त्या वेढ्यात व्होल्टेज उमटते आणि ते थेट इन्व्हर्टरच्या इन्सुलेशनवर येते. खड्डा मागेच हवा असेल तर आधी वायर एसीडीबीजवळच्या अर्थ बारपर्यंत न्या, तिथून पुढे जमिनीलगत खड्ड्याकडे वळवा.

एसी केबलबरोबर जाणाऱ्या अर्थचा आकार ठरवणे सोपे आहे. फेज १६ चौ. मिमीपर्यंत असेल तर अर्थही तेवढाच. ४ चौ. मिमीच्या फेजसोबत ४ चौ. मिमीचा अर्थ. चौकटींच्या जोडणीला किमान ६ चौ. मिमी तांबे. आणि सांगाडा लाइटनिंग अरेस्टरच्या जोडणीत येत असेल, म्हणजे पुढे सांगितलेले अंतर राखता येत नसेल, तर १६ चौ. मिमी.

पट्टी वापरत असाल तर कोपरे गोलाकार वळवा, काटकोनात मोडू नका. सांधा किमान दोन बोल्टचा, एकमेकांवर चांगली लांबी चढवून.

चौथी पायरी: खड्डा, म्हणजे खरे तर माती

रॉडची किंमत सगळे विचारतात, मातीबद्दल कोणी विचारत नाही. ३ मीटरच्या एका रॉडचा रोध ढोबळमानाने मातीच्या रोधकतेच्या (माती विजेला किती अडवते त्या मापाच्या) एकतृतीयांशाहून किंचित जास्त येतो. रोधकता १० ओहम-मीटर असेल तर सुमारे साडेतीन ओहम, ३० असेल तर दहा, १०० असेल तर पस्तीस. म्हणजे एका रॉडने ५ ओहम हवे असतील तर माती १४ ओहम-मीटरच्या आसपासची किंवा त्याहून चांगली हवी. ओली काळी माती तिथे पोचते. मुरूम, कातळ आणि कोकणचा जांभा पोचत नाही. बॅकफिल कंपाउंडने फरक पडतो, पण कातळाची काळी माती होत नाही.

काळ्या मातीचाही एक दुर्गुण आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि रॉडभोवती पोकळी होते. विदर्भ-मराठवाड्यात जानेवारीत ३ ओहम दाखवलेला खड्डा मेमध्ये तिप्पट दाखवू शकतो. बेंटोनाइट असलेले बॅकफिल ओलावा धरून ठेवते म्हणून तिथे त्याचे मोल जास्त.

करायचे असे. इमारतीच्या पायापासून किमान दीड मीटर दूर, जिथे पावसाचे पाणी मुरते अशी जागा निवडा. १५० मिमी व्यासाचे ३ मीटर खोल बोअर घ्या. रॉड मधोमध उभा करा. बॅकफिल पाण्यात कालवून, घट्ट लाप्सीसारखे करून, हवेचे खिसे न ठेवता ओता. वरचा भाग चाळलेल्या मातीने भरा. वर चेंबर, आत क्लॅम्प आणि पट्टी, झाकण. दुसरा रॉड पहिल्यापासून दुप्पट लांबीवर, म्हणजे ६ मीटरवर. जागा नसेल तर निदान ३ मीटर. त्याहून जवळ रोवलेला दुसरा रॉड पैसे खातो, रोध फारसा उतरवत नाही, कारण दोघे एकाच मातीच्या तुकड्यातून काम करत असतात.

कातळ लागला आणि बोअर दीड मीटरवर थांबले तर तिथेच रॉड कापून टाकू नका. चेंबरच्या झाकणाखाली अर्धा मीटर रॉड आहे की तीन, हे नंतर कोणालाच दिसत नाही आणि हीच फसवणूक सर्वात जास्त चालते. अशा ठिकाणी अर्धा मीटर खोल चर खणून १० ते १५ मीटर पट्टी आडवी गाडावी, खाली-वर बॅकफिल किंवा चांगली माती घालून.

मीठ-कोळशाची जुनी पद्धत नव्या कामात वापरू नये. मीठ पावसात वाहून जाते आणि राहते तोवर जीआय पाइप कुरतडते. घराचा आधीचा खड्डा असेल तर तो मोजा. चांगला निघाला तर नव्याशी जोडून घ्या. एका घरात एकमेकांना न जोडलेले दोन अर्थ ठेवण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

पाचवी पायरी: एसीडीबीच्या आत

न्यूट्रल आणि अर्थ या डब्यात एकमेकांना जोडू नका. ‘न्यूट्रल वीक आहे’ म्हणून अर्थशी बांधण्याचा देशी उपाय आरसीसीबीला ताबडतोब पाडतो. मग वायरमन आरसीसीबीच काढून टाकतो, आणि एका चुकीच्या दोन होतात.

आरसीसीबी ए प्रकारचा घ्या. एसी प्रकारचा जुना स्वस्त आरसीसीबी इन्व्हर्टरच्या गळतीतला धडधडणारा डीसी भाग ओळखत नाही. ज्या मायक्रोइन्व्हर्टरमध्ये ट्रान्सफॉर्मरने विलगीकरण नसेल आणि कंपनी लेखी काही सांगत नसेल तिथे बी प्रकार लागतो, तो महाग आहे. शिवाय ‘लाइन’ आणि ‘लोड’ अशा खुणा असलेला, एकाच दिशेने चालणारा आरसीसीबी सोलरला नको, कारण इथे वीज दोन्ही बाजूंनी येते.

सोलरचा आरसीसीबी स्वतंत्र असावा. घरातल्या सॉकेटच्या आरसीसीबीच्या मागे सोलर जोडले तर तो आरसीसीबी पडल्यावरही इन्व्हर्टर थांबेपर्यंतचा क्षण त्या सॉकेटना वीज मिळत राहते. आयएस १६१६९ या भारतीय मानकाप्रमाणे ग्रिड गेल्यावर इन्व्हर्टरने २ सेकंदांत थांबायचे असते. बहुतेक त्याच्या कितीतरी आधी थांबतात, पण विद्युत धक्क्याच्या हिशेबात दोन सेकंद ही फार मोठी वेळ आहे.

टीटी पद्धतीत एसपीडी ‘एक अधिक एक’ जोडणीचा घ्यावा: फेज आणि न्यूट्रलच्या मधे व्हॅरिस्टर (व्होल्टेज वाढले की वीज वाहू देणारा भाग), न्यूट्रल आणि अर्थच्या मधे स्पार्क गॅप (मोठ्या व्होल्टेजलाच ठिणगीने ओलांडता येणारी फट). तो ग्रिडच्या बाजूला, आरसीसीबीच्या आधी बसतो. फेज आणि न्यूट्रल दोन्हींतून थेट अर्थला व्हॅरिस्टर लावले तर ते जुने होऊन गळू लागल्यावर अर्थ वायर जिवंत होण्याची शक्यता असते. एसपीडीच्या दोन्ही बाजूंच्या तारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. नीट दिसावे म्हणून डब्यात वायरचे वेटोळे घालतात, सर्जच्या वेळी प्रत्येक वेटोळे एसपीडीचा उपयोग कमी करते. अर्थकडची वायर ६ चौ. मिमी.

लाइटनिंग अरेस्टर: वेगळा खड्डा, पण तोडलेला नाही

तपासणीला येणारे बहुधा अरेस्टरचा वेगळा खड्डा मागतात, तो द्या. पण वेगळा म्हणजे बाकीच्यांपासून पूर्ण तुटलेला, हा अर्थ घातक आहे. ३०,००० अँपिअरची वीज १० ओहमच्या खड्ड्यात उतरली तर त्या खड्ड्याचे व्होल्टेज क्षणभर ३ लाखांवर जाते. शेजारी सहा मीटरवरचा दुसरा खड्डा शून्याजवळ असेल तर हा फरक कुठूनतरी उडी मारणार, आणि सोपी वाट तुमच्या इन्व्हर्टरमधून असते. म्हणून अरेस्टरची पट्टी थेट आपल्या रॉडपर्यंत न्या, वाटेत कशालाही जोडू नका, पण जमिनीच्या पातळीवर त्या खड्ड्याला बाकीच्या अर्थशी पट्टीने बांधा. विजेपासून संरक्षणाचे मानक आयएस/आयईसी ६२३०५ हेच सांगते.

गच्चीवर मात्र अरेस्टरचा खांब आणि उतरती पट्टी पॅनेलच्या सांगाड्यापासून दूर हवी. साध्या घरासाठी, एकच उतरती पट्टी आणि १० मीटर लांबी धरली तर हवेतून सुमारे ०.४ मीटर आणि विटा-काँक्रीटमधून ०.८ मीटर अंतर येते. लांबी वाढली की अंतर त्याच प्रमाणात वाढवा. खांब पॅनेलच्या उत्तरेला रोवा, म्हणजे वर्षातला बहुतेक काळ सावली पडत नाही.

सहावी पायरी: मोजणी

तीन मोजण्या लेखी घ्या. काम करणाऱ्याने फोटोसह द्याव्यात.

पहिली सलगतेची. कमी ओहम मोजणारे, २०० मिलिअँपिअर करंट देणारे मीटर वापरा. एक टोक अर्थ बारला, दुसरे प्रत्येक पॅनेलच्या चौकटीला, तेही लगच्या बोल्टवर नाही तर दुसऱ्या कोपऱ्यात, टोकाने अॅनोडायझिंग खरवडून. प्रत्येक वाचन १ ओहमच्या आत यावे. साधा मल्टिमीटर इतका बारीक करंट सोडतो की एका केसाएवढ्या तारेवरही ‘बीप’ करतो.

दुसरी खड्ड्याची, तीन खुंट्यांच्या पद्धतीने. लिंक उघडून खड्डा सिस्टिमपासून वेगळा करा. सोलर आणि मेन दोन्ही बंद करूनच लिंक उघडायची. करंटची खुंटी ३० मीटरवर, व्होल्टेजची ६२ टक्क्यांवर म्हणजे साधारण साडेअठरा मीटरवर. व्होल्टेजची खुंटी दोन-तीन मीटर मागे-पुढे करून पुन्हा मोजा. वाचन फार हलत असेल तर करंटची खुंटी अजून दूर न्या. शहरात मातीच नसते म्हणून क्लॅम्प मीटर लावतात, पण अर्थ एकटाच असेल आणि दुसऱ्या वाटेने वेढा पुरा होत नसेल तर क्लॅम्पचे वाचन निरर्थक असते. मोजणी एप्रिल-मेमध्ये करा. ऑगस्टमध्ये जवळपास प्रत्येक खड्डा पास होतो.

तिसरी आरसीसीबीची. वरचे टेस्ट बटण फक्त आतली यंत्रणा हलते का ते दाखवते, अर्थ आहे की नाही हे सांगत नाही. आरसीसीबी टेस्टरने ३० मिलिअँपिअर सोडून तो ३०० मिलिसेकंदांच्या आत पडतो ते पाहा. जोडीला न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्टेज घ्या. दोन-तीन व्होल्ट चालतात. दहाच्या वर सतत दिसत असेल तर न्यूट्रलचा जोड किंवा अर्थ यांपैकी काहीतरी सैल आहे.

नंतर काय बिघडते

पावसाळ्यात सकाळी आरसीसीबी पडतो आणि दुपारी नीट चालतो, ही सर्वात नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा ट्रंक केबलच्या न वापरलेल्या कनेक्टरवर झाकण नसते किंवा शेवटच्या टोकाचा टर्मिनेटर नीट लॉक झालेला नसतो. पाणी शिरते, उन्हाने वाळते. आरसीसीबी बदलून काही होणार नाही. एकेक कनेक्टर खालून तपासा आणि केबल गच्चीला न टेकता रेलला यूव्ही टिकणाऱ्या पट्ट्यांनी बांधा, जोडाच्या आधी पाणी ठिबकायला छोटा झोळ ठेवून.

अॅपवर एकाच इन्व्हर्टरचा ‘डीसी रोध कमी’ किंवा ‘ग्राउंड फॉल्ट’ असा इशारा आला तर तो खाली खड्ड्यात शोधू नका. त्या एका पॅनेलची डीसी वायर चौकटीखाली चिमटलेली असते किंवा उंदीर-खारीने कुरतडलेली असते. कोकणात माकडे कनेक्टर ओढतात. वायर दुरुस्त झाल्याशिवाय तो इशारा पुसून इन्व्हर्टर पुन्हा चालू करू नये.

पॅनेल किंवा इन्व्हर्टर बदलताना क्रम पाळा. आधी एसीडीबीतला सोलरचा एमसीबी बंद, मग एसी कनेक्टर, मग डीसी कनेक्टर, आणि अर्थचा लग सर्वात शेवटी सोडायचा. बसवताना उलट: लग सर्वात आधी. नवे पॅनेल आले की दातेरी वॉशर किंवा क्लिप नवी, आणि त्या चौकटीची सलगता पुन्हा मोजून कागदावर लिहायची.